गोदाबाईंचा ओटा

"परत एकदा मोज की. आकडा कमी बी यील," शाळेत खिचडी शिजवणाऱ्या गोदाबाई म्हणाल्या.

अपेक्षाने मीटर पुन्हा ओट्यावर धरला. टिकटिक झाली, आकडा तोच आला. शहरातल्या शाळांच्या स्वयंपाकघरांत किरणोत्सर्ग किती आहे, हे तिची प्रयोगशाळा वर्षभर मोजत होती. बिबवेवाडीतल्या या शाळेचा काळा ओटा अंगणापेक्षा किंचित जास्त आकडा दाखवायचा.

"मावशी, ग्रॅनाइट म्हटलं की एवढं असतंच. कुणाच्याही घरी निघेल. यानं काही होत नाही."

"मला पटतंय गं. त्यांना सांग."

'ते' म्हणजे पालक. मागच्या खेपेला कुणीतरी मीटरचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला होता, 'ओट्यातून किरणं निघतात' असं लिहून. ओटा निघेपर्यंत मुलं इथलं जेवणार नाहीत, असं पालकांनी ठरवलं आणि तेव्हापासून खिचडी पातेल्यातच उरत होती. पालकसभेत अपेक्षाने पुष्कळ समजावलं. तेजस नावाच्या मुलाची आई पूर्णिमा शांतपणे म्हणाली, "काही होत नाही ना मॅडम? मग मोजता कशाला?"



गोदाबाईंनी ओल्या फडक्याने ओटा पुसला. हा ओटा बजरंगने, त्यांच्या गवंडी नवऱ्याने घातलेला. दिवाळीची सुट्टी होती, शाळेत दोघंच. तो दगड घासायचा, त्या तांब्याने पाणी सोडायच्या. मधेच तो म्हणाला, "हितं उभी ऱ्हा." त्यांच्या कोपरापाशी त्याने खडूची खूण केली आणि ओटा तेवढाच उंच बांधला. शेवटचं पाणी ओतल्यावर दगडात दोघांचे चेहरे दिसले. "घे, तुझा आरसा," असं म्हणून तो कितीतरी वेळ हसत होता. घरात त्याचा धड एक फोटोही नव्हता. तो गेल्यावर गोदाबाई सकाळी जरा लवकरच शाळेत यायच्या.

मुख्याध्यापक श्रीधर सर दारात आले. "गोदाबाई, मॅडमनी लिहून दिलंय. ओटा काढायचं कारण नाही. होतील लोक हळूहळू शांत."

गोदाबाईंचं लक्ष खिडकीबाहेर होतं. जेवणाची सुट्टी झाली होती. डबेवाली मुलं झाडाखाली बसली होती. चौथीतली चंपा नळाला तोंड लावून पाणी पीत होती. तिची आई पहाटेच कामाला जायची. डबा कोण देणार? आणि शाळेची खिचडी खायची नाही, अशी तिलाही घरून ताकीद होती. पाणी पिऊन ती भिंतीला टेकून बसली. थोड्या वेळाने पुन्हा नळापाशी गेली.

"हळूहळू म्हंजी कधी, सर?"



"फोडा त्यो."

"मावशी, अहो पण आकडा..." अपेक्षा पुढे झाली.

"तुझा आकडा खराच हाय, पोरी. पर पोरं उपाशी हायती."

रविवारी सुखदेव गवंडी घण आणि छिन्नी घेऊन आला. "बाई, तुम्ही बाहेर थांबा," सर म्हणाले. गोदाबाई थांबल्या नाहीत. त्यांनी डबे आणि पातेली व्हरांड्यात नेऊन झाकून ठेवली. मग आत येऊन एक फडकं भिजवलं, पिळलं आणि सुखदेवपुढे धरलं.

"तोंडाला बांध."

"राहू द्या हो. सवय आहे आपल्याला."

"आमचे ह्ये बी असंच म्हणायचे. दगडाच्या धुळीनंच छाती भरली त्यांची."

सुखदेवने मुकाट्याने फडकं बांधलं. मागची गाठ सैल होती. गोदाबाईंनी ती सोडवली, नीट घट्ट बांधली आणि त्या बाजूला झाल्या.

"हं. घाल आता घण."