रेडिओची शेवटची फेरी

टोपीवाल्या काकांनी पुन्हा हात वर केला आणि माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. बस अजून धरणाच्या फाटकातून आतही शिरली नव्हती, तेवढ्यात या माणसाने धरण कधी बांधलं, कोणी बांधलं, एवढं सिमेंट कुठून आणलं, सगळं विचारून झालं होतं. आणि पुढे ड्रायव्हरशेजारी दांडीला धरून उभे असलेले आमचे हे, घसा फाटला असतानाही, प्रत्येक प्रश्नाचं साग्रसंगीत उत्तर देत होते. आता काकांना पाण्याची खोली हवी होती.

"बुडण्यापुरतं आहे," मी मागच्या सीटवरून म्हटलं.

सगळी बस हसली. ह्यांनी तेव्हा कुठे माझ्याकडे पाहिलं. रागावले होते की हसू दाबत होते, काही कळलं नाही. मग मी कोणी परकी प्रवासी असल्यासारखे माझ्या डोक्यावरून बघत त्यांनी खोली सांगितली.

मी न सांगताच आले होते. शिवणाचं मशीन झाकलं, शेजारणीकडे किल्ली दिली आणि चारचौघांसारखं तिकीट काढून बसमध्ये बसले. परवा ह्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज नाही. तोवर बोलणं टाळा, असंही बजावलं होतं. ह्यांनी शहाण्यासारखी मान हलवली, आणि आज सकाळी उठून गाइडचा गणवेश चढवला. मी दारात आडवी उभी राहिले. "शेवटची फेरी आहे, करू दे," एवढंच म्हणाले आणि अंग चोरून माझ्या बाजूने निघून गेले.

धरणावर ह्यांना सगळे रेडिओ म्हणतात. सकाळी लागला की संध्याकाळपर्यंत चालू. घरी मात्र या रेडिओचे सेल कायम उतरलेले. आल्यावर पाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि खिडकीशी बसायचं. मी मशीन चालवता चालवता दिवसभराचं सांगायची, कोणाची बाही बिघडली, कोणी ब्लाउजचा झोल काढून घ्यायला आली नि तासभर बसली. हे "हं" म्हणायचे. भांडायलासुद्धा दोन माणसं लागतात, पण आमच्याकडे ती दोन्ही माणसं मीच. घरात तिसरं कोणी आलं नाही, त्यामुळे जे काही "हं" होते ते सगळे माझ्याच वाट्याला आले. निवृत्त झाले की बोलतील, अशी मी मनाची समजूत घालत आले होते. आता परवा सगळा खेळ खलास. आणि उरलासुरला आवाज हे टोपीवाल्या काकांवर उधळत होते! माझ्या वाट्याचं काय? सीटवर बूड टिकत नव्हतं माझं.

बागेत उतरल्यावरही तेच. लोक कारंज्यांपुढे फोटो काढत होते, फुलांना हात लावू नका अशी पाटी वाचून हात लावत होते, आणि मी ह्यांच्या मागेपुढे येरझारा घालत होते. एकांतात गाठावं आणि विचारावं, असं मनात होतं. पण ह्यांना सोडतंय कोण? बोटीतही तेच. मी मुद्दाम शेजारची जागा पकडली, तर हे उठून लाइफ जॅकेटचे पट्टे तपासायला गेले. माझा पट्टा आवळताना हात जरा जास्त वेळ थांबला, असं मला वाटलं. वाटलं असेल नुसतंच.

मग धरणाची प्रतिकृती ठेवलेल्या दालनात सगळ्यांना घेऊन गेले. मी दाराशी टेकून उभी राहिले, पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर करत. ह्यांचा आवाज आता अगदी खरवडल्यासारखा येत होता, पण गंमत म्हणजे पोरंसोरंसुद्धा गप्प उभी होती.

"धरण पूर्ण भरतं ना," हे म्हणाले, "तेव्हा ते कसं दिसतं सांगू? मापाला उभ्या राहिलेल्या बाईसारखं. पोट आत, श्वास रोखलेला. तोंडातून हूं की चूं नाही. आणि आपण दरवाजे उघडले, की मग सोडते ती श्वास. तेव्हा खरं माप कळतं."

लोक खळखळून हसले. मी नाही हसले. ते माझं होतं. माप घेताना बायका श्वास रोखतात आणि मग कपडा तंग झाला म्हणून माझ्याशी वाद घालतात, हे मीच कधीतरी चहा ओतताना सांगितलं होतं. त्यावर ह्यांनी "हं" म्हटलं होतं. मग मी कान देऊन ऐकू लागले, तर एकेक करत माझंच सगळं बाहेर यायला लागलं. उसवलेली शिवण वेळेवर टाचली नाही तर काय होतं, ते भिंतीच्या डागडुजीला जोडलेलं. कात्रीवर विश्वास ठेवावा पण कापणाऱ्यावर नाही, हे माझं वाक्य पाणीवाटपाच्या भांडणाला. म्हणजे हे ऐकत होते. एकूणएक ऐकत होते, जपून ठेवत होते, आणि दुसऱ्या दिवशी परक्या माणसांना वाटत होते. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि त्याहून जास्त संताप आला.

शेवटी सांडवा. जास्तीचं पाणी जिथून खाली नदीत सोडतात ती जागा. दरवाजे उघडे होते. पायऱ्या उतरताना ड्रायव्हर माझ्या बरोबरीने आला. तो मला ओळखतो, वहिनी म्हणतो.

"वहिनी, खाली कानाचा काही उपयोग नाही," तो म्हणाला. "त्यांच्या हातांकडे बघायचं. डोक्यावर हात गोल फिरवला की सगळ्यांनी त्यांच्याजवळ गोळा व्हायचं. मग ते बोटाने एकेकाला मोजतात. अंगठा वर केला म्हणजे सगळे आले, आता निघायचं."

"आणि कोणी कमी असलं तर?"

"मग अंगठा वर होत नाही. एकदा एका आजोबांसाठी भरलेली बस अंधार पडेपर्यंत थांबवून ठेवली होती त्यांनी."

खाली कठड्यापाशी पोचलो आणि कानात दुसरं काही उरलंच नाही. पाणी कोसळत होतं, पायाखालची फरशी थरथरत होती, तुषारांनी तोंड भिजत होतं. लोक तोंडं उघडून काहीतरी ओरडत होते आणि ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. ह्यांना आता कोणी प्रश्न विचारू शकत नव्हतं. मी सरळ पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"माझंच घेऊन जगाला ऐकवलंत!" मी जीव तोडून ओरडले. "माझ्याशी काय बोलायचं होतं ते कधी बोलणार होतात? परवानंतर?"

माझं मलाही ऐकू आलं नाही. ह्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला. मग वाकून माझ्या अगदी जवळ येऊन बोलायला लागले. एखादं वाक्य नव्हे, बरंच काही. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, ओठ हलत होते, मध्येच थांबून स्वतःशी हसले आणि पुन्हा बोलले. मी कानाला हात लावून मान हलवली, ऐकू येत नाही हो, ऐकू येत नाही. तरी हे बोलतच राहिले. संपल्यावर माझ्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. मग वळले आणि तो हात डोक्यावर गोल फिरवला.

बसच्या पायरीवर मी ह्यांचा दंड धरून विचारलं, काय म्हणालात तिथे? ह्यांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवाच. टोपीवाल्या काकांनी ते पाहिलं आणि काही न विचारता उठून स्वतःची जागा दिली. आवाज दुसऱ्या दिवशीही आला नाही, आणि ऑपरेशनच्या सकाळीही नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. नर्सने पाटी आणि पेन्सिल आणून दिली, काय हवं नको ते लिहायला. मी मात्र दोन खिडक्यांमध्ये फेऱ्या मारत होते, पडदा ओढत होते, सोडत होते. शेवटी राहवलं नाही. पाटी ह्यांच्या पोटावर ठेवली.

"तिथे पाण्यापाशी काय म्हणालात, ते लिहा."

ह्यांनी पेन्सिल उचलली. मग पाटी हळूच बाजूला सारली. नळ्या लावलेला हात जेमतेम कानाएवढा वर गेला, पण गोल फिरला.

मी उगीचच दाराकडे पाहिलं. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. स्टूल ओढलं आणि खाटेला खेटून बसले.

ह्यांनी बोट उचललं आणि मला मोजलं. मग अंगठा वर केला.