गिऱ्हाइकांसाठी राखीव

मित्रांनो, मी एक जुनं स्टूल आहे. माझा एक पाय आखूड झालाय, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी घालतात. जरा डुगडुगतो, पण अजून कुणाला पाडलेलं नाही.

एका सुताराने मला उरल्यासुरल्या लाकडातून बनवलं. काम संपल्यावर तो स्वतःच माझ्यावर टेकला आणि म्हणाला, "झकास." दमलेल्याला टेकायला जागा द्यायची, एवढंच आपलं काम, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

पुढे मी पडद्यांच्या आणि चादरींच्या एका दुकानात आलो. काउंटरमागे चार बायका दिवसभर उभ्या असत. मालक गल्ल्यावर, गुबगुबीत खुर्चीत. समोरचा आरसा असा लावलेला, की मान न वळवता त्यांना सगळं दुकान दिसावं. मी काउंटरच्या बाहेर असे आणि माझ्यावर फक्त गिऱ्हाइकांनी बसायचं. "बसलेली बाई दिसली की लोकांना वाटतं धंदाच बसलाय," मालक म्हणायचे.

चौघींत थोरल्या म्हणजे मापाच्या ताई. कापड मोजायचं आणि कापायचं काम त्यांच्याकडे. संध्याकाळ झाली की त्या चपलेतून एक पाय काढून दुसऱ्यावर टेकवत आणि बगळ्यासारख्या उभ्या राहत. त्यांच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा टरारून आलेल्या असत. मी समोर रिकामा. कितीदा वाटायचं, चार पाय दिलेत तर चार पावलं चालताही यायला हवं होतं.

एका दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. ताई बाहेर आल्या आणि माझ्यावर बसल्या. मालकांनी आवाज चढवला नाही.

"दमलात का ताई?"

"पाय भरून आलेत जरा."

"असं होय," ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी मला माळ्यावर टाकायला लावलं. गिऱ्हाईक आलं की लोखंडी शिडी चढून मला खाली आणायचं आणि ते गेलं की परत वर ठेवायचं. कुणी जायचं ते मालक बोलत नसत. आरशातून बघत, आणि बघत ते ताईंकडेच.

एकदा एक वयस्क बाई चादरी घ्यायला आल्या. मला घेऊन धापा टाकत उतरलेल्या ताईंना पाहून त्या म्हणाल्या, "अहो, आधी तुम्हीच बसा."

"त्यांना सवय आहे हो," मालक हसून म्हणाले. "तुम्ही बसा." आणि त्या बसल्या.

एके सकाळी मला उतरवताना ताईंचा पाय पायरीवरून सटकला. त्या एका हाताने शिडीला लोंबकळल्या, मी खाली आदळलो आणि माझ्या पायाचा टवका उडाला. मालक धावत आले. त्यांनी आधी मला उचलून पाहिलं. "जपून हो," ते म्हणाले, "वस्तू मोडतात अशाने."

तेव्हा चौघींतली नवी बोलली. तिला तिथे कामाला लागून बरीच वर्षं झाली होती, पण नाव नवीच राहिलं होतं. "मालक, आता आम्ही वर चढणार नाही. स्टूल खाली राहील. आत, आमच्या बाजूला." बाकीच्या दोघींनी हातातल्या कात्र्या खाली ठेवल्या.

"मग दुसरीकडे काम बघा," मालक म्हणाले.

"बघू की. आज मापं तुम्ही घ्या."

दारात गिऱ्हाईक उभं होतं. मालकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आरशात पाहिलं. "बरं. आळीपाळीने बसा. दुकान रिकामं असेल तेव्हाच."

मी काउंटरच्या आत आलो. पहिल्यांदा ताई बसल्या. मित्रांनो, त्या दिवशी मला माझं वजन कळलं.

पण पुढच्याच महिन्यात मालकांनी ताईंना गोड शब्दांत सांगितलं, "तुमच्या पायांना विश्रांती हवी. आता घरीच बसा." तिघी खाली मान घालून चादरींच्या घड्या करत राहिल्या. नवीने घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. मी तिला दोष देत नाही. तिच्याही घरी खाणारी तोंडं होती. ताई पिशवी घेऊन निघून गेल्या.

बऱ्याच दिवसांनी त्या परत आल्या, सुनेला बरोबर घेऊन, पडदे घ्यायला. मालकांनी ओळखलंच नाही. इतकी वर्षं त्यांनी आरशात पाहिलं ते उभं कोण अन् बसलं कोण एवढंच. "या ताई, बसा," असं म्हणून त्यांनी मला बाहेर मागवलं. नवी नुकतीच टेकली होती. ती उठली आणि मला घेऊन आली.

ताई बसल्या नाहीत. "तू बस गं," त्या नवीला म्हणाल्या. "माप सून घेईल."

"गिऱ्हाइकासमोर बसत नाहीत आमच्याकडे," मालक म्हणाले.

"गिऱ्हाईकच सांगतंय."

आता मालकांनी त्यांना नीट पाहिलं आणि ओळखलं. नवी बसली. फोटो काढायला बसावं तशी, पाठ ताठ ठेवून, पदर सावरून. सुनेच्या हातात टेप सरकत होती आणि ताईंनी काउंटरला धरून दोन्ही पाय चपलांतून मोकळे केले होते.

मित्रांनो, मी आता थकलोय. माझ्या जागी लवकरच दुसरं स्टूल येईल. तुम्ही कधी दुकानात गेलात आणि कुणी तुम्हाला "बसा" म्हटलं, तर जरूर बसा. पण बसण्याआधी काउंटरमागे एकदा बघा, आणि तिथे उभ्या असलेल्या माणसासाठीही एक स्टूल मागा. मोठ्याने मागा, मालकाला ऐकू जाईल असं.