खुर्ची त्याची, बादली माझी

फेब्रुवारीचा शेवटचा रविवार म्हणजे गोठलेल्या तळ्यावर भाल्यानं मासे मारायचा शेवटचा दिवस. त्या दिवशी सूर्य मावळला की पाइक, म्हणजे आमच्या तळ्यातला तो लांबलचक मोठा मासा, मारणं बंद, ते थेट पुढच्या हिवाळ्यापर्यंत. आणि ऑर्विननं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मला शब्द दिला होता की यंदा एक तरी पाइक तूच मारायचास.

शब्द दिला होता नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या जेवणानंतर, भरल्या पोटी. डिसेंबरात म्हणाला, बर्फ अजून कच्चा आहे, तू घाबरशील. जानेवारीत म्हणाला, पाणी गढूळ आहे, मलाच धड दिसत नाही तर तुला काय दिसणार. त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हणाला, आज एखादं धूड येणार असं वाटतंय, आजच्या दिवस मीच बसतो. धूड काही आलं नाही. माझा दिवस मात्र गेला.

आमच्या बर्फावरच्या खोपटात मधोमध बर्फात कापलेलं मोठं भोक आहे आणि त्याच्या काठाशी बसायला दोन जागा. एक खुर्ची, तिच्यावर मीच शिवलेली जाड गादी, आणि शेजारी भाला. दुसरी एक उलटी बादली. खुर्चीवर ऑर्विन बसतो. बादलीवर मी बसते आणि पाइकला भुलवायला पाण्यात दोरीला बांधलेला लाकडी मासा नाचवते. तळ्यावरचे बाकी सगळे एका हातानं मासा नाचवतात आणि दुसऱ्या हातात भाला धरतात. पण ऑर्विनचं म्हणणं असं, की ज्याला नेम धरायचाय त्यानं दुसरं काम करू नये. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मला ते फार प्रेमाचं वाटलं होतं. म्हटलं, बाकीच्यांच्या बायका घरी बसल्यात आणि मला बघा. आता बादलीच्या कडेचा वळ माझ्या बुडावर कायमचा उठला आहे.

लाकडी मासाही मीच केलेला. पोटात शिसं ओतलेलं, पत्र्याचे पंख, अंगावर पर्च माशासारखे पट्टे. शेपूट किती वाकवली की तो केवढं वर्तुळ घेतो, हे मी घरी बाथटबमध्ये पाणी भरून बघत बसायचे. माझ्या हातात तो असा पोहतो की पाइक लांबून येतो, थबकतो आणि त्याच्याकडे टक लावून बघत राहतो. मग ऑर्विन भाला सोडतो, आणि गळ-आमिष विकणाऱ्या दुकानातल्या भिंतीवर फोटो लागतो. फोटोत ऑर्विन आणि मासा. मी कशी असणार? फोटो मीच काढलेला असतो.

त्या रविवारी कारी, आमची मुलगी, नवऱ्याला घेऊन मिनिआपोलिसहून आली होती. मला बरं वाटलं. म्हटलं, ऑर्विनला आता सगळ्यांसमोर शब्द फिरवता यायचा नाही. भाल्याचा परवाना मी दरवर्षी घेते आणि दरवर्षी तो कोराच राहतो. तो नीट घडी करून खिशात ठेवला. ऑर्विननं भोकावर रात्रीत धरलेला बर्फ फोडून काढला, वरून मासा गेला तर कळावा म्हणून तळाशी बटाट्याच्या पांढऱ्या चकत्या सोडल्या. मी खुर्चीकडे वळले.

"डेरेक, बस रे खुर्चीवर," ऑर्विन म्हणाला.

"ऑर्विन, आज माझी पाळी आहे."

"हो गं, तुझीच आहे. पण जावई आहे तो. एक मासा मारू दे त्याला, मग दिवसभर बस."

"आणि तो एक मासा कधी मारणार?"

"आई, मला काही घाई नाही," डेरेक म्हणाला.

"तुला नसेल रे बाबा. मला आहे."

कारीनं बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती बाहेर शेगडीवर सॉसेज भाजायला निघून गेली. पोरगी शहाणी आहे, आमची भांडणं लांबूनच बघते.

दार लावलं. खोपटात काळोख झाला आणि भोकातून हिरवा उजेड वर आला. डेरेक खुर्चीवर, ऑर्विन त्याच्या मागे उभा राहून गुरुजी झालेला, आणि मी बादलीवर. ऑर्विननं नियम सांगितले. मासा आला की बोलायचं नाही, पाय हलवायचा नाही, भाल्याचे दाते आधी हळूच पाण्यात बुडवायचे आणि मग नुसता सोडायचा, फेकायचा नाही. डेरेकनं मान डोलावली, आणि त्याच क्षणी त्याच्या खिशातला फोन वाजला.

फोन बंद झाला. मी लाकडी मासा फिरवत राहिले. बऱ्याच वेळानं एक मध्यम पाइक आला, माझ्या माशापासून हातभर अंतरावर थांबला.

"आला! आला!" डेरेक ओरडला, उभा राहिला आणि त्यानं भाला चांगला डोक्यावरून भिरकावला.

खट् असा आवाज झाला. पाइक कधीच पसार झाला होता. ऑर्विननं भाला त्याला बांधलेल्या दोरीनं वर ओढला, तर दात्यांत माझा लाकडी मासा. कूस फाटलेली, एक पंख लोंबतोय.

"वा! नेम तरी लागला!" ऑर्विन म्हणाला, आणि दोघं खो खो हसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सॉरी आई, मला तो खराच वाटला," डेरेक म्हणाला.

"पाइकलाही खराच वाटतो. पण तो आरडाओरडा करत नाही."

डेरेक सॉसेजचं निमित्त करून बाहेर सटकला. ऑर्विननं सवयीनं भाल्याकडे हात नेला. पण तोवर मी खुर्चीवर बसले होते आणि भाला माझ्या हातात होता.

"बादली तिकडे आहे," मी म्हटलं.

तो कुरकुरत बादलीवर टेकला. "फारच खाली आहे गं ही."

"हो का? मला कसं कळणार!"

मी लाकडी माशाचा पंख पक्कडीनं जमेल तेवढा दाबून बसवला आणि दोरी त्याच्या हातात दिली. त्यानं मासा पाण्यात सोडला आणि सूप ढवळावं तसा गरगर फिरवायला लागला.

"हळू. जरा वर उचल, मग सोड. अरे, सोड म्हणजे आपट नव्हे!"

"मला शिकवू नकोस, व्हर्ना. मी लहानपणापासून येतोय या तळ्यावर."

"खुर्चीवर बसून."

तळाशी बटाट्याच्या चकत्या पांढऱ्या दिसत होत्या आणि त्यांच्यावर काहीच नव्हतं. एरवी घोटाळणारी बारकी मासळीसुद्धा फिरकली नाही. किती वेळ गेला कोण जाणे. पाण्यातला हिरवा उजेड मळकट व्हायला लागला.

"आज मासेच नाहीत," ऑर्विन म्हणाला. "दिवसच वाईट आहे."

मला रडू येईल इतका राग आला. इतक्या हिवाळ्यांनंतर खुर्ची मिळाली, आणि तिच्यावर बसल्यावर कळलं की मासे खुर्चीकडे कधी येतच नव्हते. ते बादलीकडे यायचे. आणि बादलीवर आज हा बसला होता.

"आण ती दोरी इकडे."

"मग मी काय करू?"

"पाय मागे घे आणि गप्प बस." इतकी वर्षं तो मला हेच सांगत आला होता.

डाव्या हातात दोरी घेतली, उजव्यात भाला. मोडक्या पंखामुळे माझा मासा एका बाजूला कलंडत होता, लंगडत होता. म्हटलं, लंगड बाबा, तसंच लंगड. दुखावलेला मासा पाइकला आवडतो. मी दोरी अगदी थोडी उचलली, सैल सोडली, पुन्हा उचलली.

मग तळाशी एक चकती दिसेनाशी झाली. तिच्या पुढची दिसेनाशी झाली. मागची पुन्हा दिसली. तो तळालगत येत होता, आणि संपता संपत नव्हता.

मी दाते पाण्यात बुडवले. आवाज होऊ दिला नाही.

"मार," ऑर्विन कुजबुजला. "अगं मार! व्हर्ना, जाईल तो!"

मी थांबले. पाइक वर आला, माझ्या लंगड्या माशाकडे बघत आडवा झाला. त्याच्या डोक्यामागची जागा दात्यांच्या बरोबर खाली आली तेव्हा मी भाला सोडला.

भाल्याची दोरी सरसर गेली. ऑर्विन झडप घालायला उठला.

"हात लावायचा नाही!" मी ओरडले. तो इतका दचकला की बादली घरंगळली आणि तो खाली बसला. मी ओढत राहिले. हात भरून आले, गुडघे भिजले, पण मासा मी एकटीनंच बर्फावर घेतला आणि दारातून बाहेर काढला. उभा धरला तर माझ्या कमरेपर्यंत येत होता.

सूर्य झाडांना टेकला होता. कारी आणि डेरेक धावत आले.

"बाबा! केवढा मोठा मारलात हो!" कारी सवयीनं म्हणाली.

 मासा कोणी मारला ते मला ऑर्विनच्या तोंडून ऐकायचं होतं. इतकी वर्षं लाकडी मासा मी नाचवला आणि पाइक यानं 'मारला'. दरवेळी, दुकानात, चर्चच्या जेवणात, सगळीकडे, 'मी मारला'. आज तर दोरीही माझी होती आणि भालाही. ऑर्विननं माशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पँटवरचा बर्फ झटकला.

"दोघांनी मिळून मारला," तो म्हणाला.

डेरेकनं फोटोसाठी फोन वर केला. ऑर्विन माशाशेजारी जाऊन उभा राहिला, आणि मग माझ्यासाठी थोडा सरकला. थोडासाच.

मी आत गेले, खुर्ची बाहेर आणली आणि माशाजवळ मांडून तिच्यावर बसले. मग परत उठून बादलीही आणली आणि ऑर्विनच्या पायाशी उलटी ठेवली.

"बस," मी म्हटलं. "दोघांनी मिळून मारलाय ना."