पिवळी अक्षरं

अणदूरच्या उत्तरेश्वर व्हिडिओवाल्यानं अख्ख्या गावाची लग्नं काढली, पण स्वतः एकाही चित्रात सापडायचा नाही. कॅमेऱ्यामागं उभं राहणाऱ्याचं नशीबच तसलं. तो जाऊन तीन वर्षं झाली आणि घरात त्याचं हलतं चित्र म्हणून काही निघालं नाही. उरला होता नुसता आवाज, तोही मुलीच्या, हर्षालीच्या बारशाच्या डीव्हीडीत: "आई, जरा इकडं बघ." त्याच्या बायकोला, कमलबाईला, त्या आवाजाचा काय उपयोग? बाराव्या वर्षी ताप डोक्यात गेला आणि कान गेले ते गेलेच.

तिच्यासाठी उत्तरेश्वरनं त्या डीव्हीडीवर पिवळी अक्षरं टाकली होती. कोण काय बोललं ते खाली, मराठीत. कमलबाई वर्षातून दहादा ती लावायची आणि टीव्हीच्या खालच्या कडेला टक लावून बसायची. माणसं बघायची सोडून ही काय बघते, म्हणून घरात थट्टाही व्हायची.

यंदा डिस्क अडखळायला लागली. हर्षाली सोलापूरला कॉलेजात. दिवाळीला येताना मैत्रिणीचा डीव्हीडी ड्राइव्ह घेऊनच आली. डिस्क पेनड्राइव्हवर उतरवली, टीव्हीला लावली. चित्र झकास, अक्षरं गायब. कमलबाई दोन मिनिटं बघत राहिली.

"ह्यात तुझे अप्पा न्हाईत की गं," ती म्हणाली.

हर्षाली हट्टानं कामाला लागली. कॉपी करताना अक्षरांच्या ट्रॅकवर खूण करायचीच राहिली होती. ती केली, तर अक्षरं लॅपटॉपवर आली, टीव्हीवर नाहीत. शोधता शोधता कळलं, की डीव्हीडीतली ही अक्षरं म्हणजे मजकूर नव्हेच, ती अक्षरांची बारीक बारीक चित्रं असतात. त्यांच्या टीव्हीला चित्रं कळत नव्हती, टाइप केलेलंच लागत होतं. मग तिनं शहाणपणा केला. आवाज ऐकून आपोआप लिहिणारा एक प्रोग्रॅम लावला. अर्ध्या तासात पांढरी अक्षरं हजर. ताडून बघायला तिनं लॅपटॉपवर दोन्ही एकाखाली एक लावली.

पाळण्यापाशी आजी, अप्पांची आई म्हाळसाबाई, बोलत होती. पिवळ्यात होतं, 'पोरीनं आईचे डोळे घेतले. गुणाची निगंल.' पांढऱ्यात होतं, 'आई ठार बहिरी. लेकरू रडून निळं पडलं तरी हिला पत्ता न्हाय लागायचा.'

त्या जागी अप्पांनी वरून सनई चढवली होती, त्यामुळं डीव्हीडी बघताना ते बोलणं घरात कधी कुणाला ऐकूच आलं नव्हतं. प्रोग्रॅमनं सनई बाजूला सारून नेमकं खालचं उचललं. हर्षालीला अप्पांची अशी आठवण आली, की बसल्या जागी डोळे भरले.

मागं कमलबाई चहा घेऊन उभी होती. हर्षालीनं घाईनं लॅपटॉप मिटला.

"झाकू नको. ठावं हाय मला."

हर्षाली तिच्याकडं तोंड करून म्हणाली, "कधीपासनं?"

"त्याच दिशी. समोरच बसले हुते. ओठ दिसत हुते की."

"अप्पांना बोलली नाहीस?"

"कशाला? त्यांना वाटायचं, मला फकस्त त्यांचेच ओठ वाचाया येत्यात." कमलबाईनं चहा खाली ठेवला. "आठ दिस बसून लिवलं हुतं त्यांनी. ते वाचायचं सोडून भांडू व्हय?"

"मग आता कुठलं टाकू?"

"त्यांचं. पांढरं खरं असंल. मला काय करायचंय खऱ्याला."

हर्षालीनं पांढरी अक्षरं पुसून टाकली आणि पिवळी चित्रं व्हिडिओतच पक्की बसवली, पुन्हा कधी वेगळी निघणार नाहीत अशी. लॅपटॉप तीन तास तापत बसला.

संध्याकाळी टीव्हीवर पाळणा आला, आजी आली, आजीनं तोंड उघडलं. कमलबाईनं त्या तोंडाकडं बघितलंच नाही. तिची नजर आधीच खाली जाऊन बसली होती. एवढी वर्षं ती तिथं का बघायची, ते हर्षालीला आत्ता कळलं.

पिवळी ओळ उमटली. कमलबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आले," ती म्हणाली.