अर्ध्यात मिटवलं

गाळा माझा होता होता राहिला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पार्लरमध्ये उभ्यानं भुवया कोरल्या, आता स्वतःची खुर्ची टाकायची होती. सामानासाठी कर्ज मागितलं, तर बँकेतल्या बाईंनी स्क्रीनकडे बघून नाक मुरडलं.

"तुमच्या नावावर मोटारसायकलचं कर्ज होतं. बुडलंय."

"बुडलं नाही हो, भावानं मिटवलं."

"अर्ध्यात मिटवलं. म्हणजे अर्धं बुडवलंच. असा डाग असला की कोणी दारात उभं करत नाही."

दादाची पत आधीच मातीत गेलेली, म्हणून गाडी माझ्या नावावर घेतली. त्यानं हप्ते थकवले. शेवटी कर्ज देणारी कंपनी कंटाळून सूट द्यायला निघाली, तेव्हा हा मिशीला पीळ देत सांगत फिरला, 'अर्ध्यात मिटवलं!'

बाईंनी उपाय सांगितला. उरलेलं भरा, पूर्ण फेडल्याचं पत्र घ्या. मग थोडी ठेव ठेवून तिच्यावर छोटं क्रेडिट कार्ड काढा, जपून वापरा, बिल वेळेवर भरा. हळूहळू पत सुधारेल. पण गाळेवाला हळूहळूवाला नव्हता. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात.

मी तडक दादाकडे गेले. तो फडक्यानं गाडी पुसत होता.

"बँकवाले सगळे चोर असतात गं," तो म्हणाला.

"चोर घरातच आहे."

वहिनी दारात आल्या. "सख्ख्या भावाला असं बोलतात?"

"सख्खा होता म्हणून सही केली, वहिनी. परक्याला उभं केलं नसतं."

"मग काय, गाडी विकू?" दादा खेकसला.

"तू कसली विकतोस? कागदावर मी आहे."

मी चावी काढून घेतली. त्यानं माझं मनगट धरलं. मी नुसती बघत राहिले, तेव्हा सोडलं. मला त्याची कीव आली नाही, खोटं कशाला बोलू.

गाडी विकली, बाकी भरली, पत्र घेतलं. कार्डावर फक्त माझ्या कामाला लागणारं तेल आणि टॉवेल घेते, आणि बिल आलं की त्याच दिवशी भरते. पत गोगलगायीच्या चालीनं वर सरकतेय.

काही महिन्यांनी दादा घामाघूम होऊन चालत आला.

"गाडी गेली, पैसे फिटले. आता तरी मिटव की गं."

मी त्याला पाणी दिलं.

"पैसे गाडीनं फेडले, दादा. तू अजून काहीच फेडलेलं नाहीस."