भोपळ्यातला प्रेषित

"माझ्या हातात काय आहे? काही नाही! या पोरीच्या कानात काय आहे? काही नाही! या, जवळ या, कानात बोट घालून बघा!"

प्रेषित झाकायो गरजला आणि आमच्या काप्तोलो गावच्या शाळेचं सगळं मैदान दोन पावलं पुढे सरकलं. सकाळचा पल्ला संपवून धावपटू घामेजलेल्या अंगानंच आले होते. बायका पाठीवर पोरं बांधून उभ्या होत्या. मोटारसायकलवाले नीट दिसावं म्हणून आपापल्या गाड्यांवर चढले होते. प्रेषिताच्या अंगावर पायघोळ पांढरा झगा होता आणि झग्याखाली धावायचे नवे कोरे बूट.

"कानानं माणूस बायकोचं ऐकतो," तो म्हणाला. गर्दी हसली. "आणि तेही ऐकल्यासारखं करतो! पण देव कानाशी बोलत नाही, लेकरांनो. कानात मळ असतो. देव हाडाशी बोलतो!"

"हाडाशी!" गर्दीनं री ओढली.

त्याच्यासमोर चेलागत बसली होती. आमच्या गावची वीस-बावीस वर्षांची धावपटू, लहानपणापासून दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरी. कान सतत वाहायचे. शर्यत सुरू करणाऱ्याची शिट्टी तिला ऐकू येत नसे. बाजूच्या पोरींचे पाय हलले की ती सुटायची, म्हणजे प्रत्येक शर्यत ती एक पाऊल मागे राहूनच धावत आली होती.

प्रेषितानं मण्यांनी मढवलेला एक पट्टा वर धरला. त्याचं नाव होतं 'मुकुट'. तो त्यानं चेलागतच्या डोक्यामागून घेऊन दोन्ही टोकं कानांच्या पुढे, गालफडाच्या हाडावर टेकवली आणि वर लोकरीची टोपी ओढली. आमच्याकडे पहाटेच्या थंडीत सगळेच तशी टोपी घालून धावतात, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

चेलागतचे डोळे मोठे झाले. मग ती रडायलाच लागली.

"गाणं!" ती ओरडली. "आई, गाणं ऐकू येतंय! डोक्याच्या आत! आता कुणीतरी माझ्याशी बोलतंय!"

तिची आई ताब्साबेई प्रेषिताच्या नव्या बुटांवर कोसळली. माझ्या शेजारचा म्हातारा टोपी काढून छातीशी धरून हुंदके देऊ लागला. खरं सांगतो, माझेही डोळे भरले. ज्या पोरीनं आयुष्यात गाणं ऐकलं नाही तिला ते ऐकू आलं, हे काही खोटं नव्हतं.

खोटं पुढे होतं.

"आता औषध नको," प्रेषित म्हणाला. "देवानं दार उघडलं, आता सुरीवाल्या डॉक्टरला खिडकी कशाला फोडू द्यायची? ही इस्पितळात गेली की वाणी बंद. कायमची! आणि दर शनिवारी मुकुट माझ्याकडे शुद्धीला आणायचा. संसाराचा मळ चढला की वाणी मंदावते."

येत्या गुरुवारी एल्डोरेट शहरातल्या इस्पितळात चेलागतच्या कानाचं ऑपरेशन होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, कानातला रोग हाड पोखरतोय आणि आता थांबलात तर तो मेंदूपर्यंत जाईल. तारीख मिळायला फार दिवस लागले होते. ताब्साबेईनं भर मैदानात जाहीर केलं, "माझी पोर जाणार नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर तिथलं ग्रंथालय सांभाळतो. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. शिवाय मला शंका होती. शंका मला नेहमीच असते. पण ते मण्यांचं ओझं काढून टाकलं तर तो पट्टा मी पाहिलेला होता. आमच्याकडे सरावाला येणारा एक परदेशी धावपटू ग्रंथालयात बसायचा, त्याच्या डोक्याला तसाच काळा पट्टा असे. त्यानं तो मला लावून दाखवला होता. दाढांमध्ये चिमणी गात बसल्यासारखं वाटलं होतं.

आमच्या लोकांना परदेशी बूट माहीत, घड्याळं माहीत. जाताना पाहुणे ती देऊन जातात. गाणी ऐकायची यंत्रंही माहीत, पण ती कानात खुपसायची असतात, एवढंच. म्हणून कान रिकामा दिसला की यंत्र नाही, असा सगळ्यांचा हिशेब. झाकायोचा सगळा धंदा या एका हिशेबावर उभा होता.

सोमवारी सकाळी मी लाल मातीच्या रस्त्यानं फिरायला निघालो होतो. समोरून धावपटूंचा जथा येत होता. आमच्याकडचा नियम असा, की पुढे धावणारा वेग ठरवतो आणि बाकीचे त्याच्या टाचांवर नजर ठेवून मुकाट धावतात. किती दूर, किती वेगात, कुणी विचारत नाही. या जथ्याचा म्होरक्या टोरोइटिच. त्यानं स्वतःचा एक नियम जास्तीचा केला होता. चेलागतनं कायम गवताच्या बाजूनं धावायचं, रस्त्याच्या बाजूला दुसरं कुणीतरी.

त्या दिवशी ती रस्त्याच्या बाजूला होती, एकटी. डोक्यावर टोपी, टोपीखाली मुकुट, चेहऱ्यावर हसू. मागून लाकडांनी भरलेली लॉरी भोंगा वाजवत आली. गवतातल्या शेळ्या पळाल्या. चेलागतनं मान वळवली नाही. टोरोइटिच मागे वळून झेपावला आणि तिच्या दंडाला धरून तिला चरात ओढलं. लॉरी धूळ उडवत गेली.

"मुकुटानं वाचवलं!" कुणीतरी म्हणालं.

"मुकुटानं?" टोरोइटिच आपलं सोललेलं कोपर बघत होता. "मग हे कोपर काय मुकुटाचं आहे?" तो चेलागतसमोर आला आणि ओठ दिसतील असं बोलला, "तू इकडच्या बाजूला का आलीस?"

"प्रेषितांनी सांगितलं. मुकुट असताना कुणाच्या आडोशाला धावायचं नाही. देव राखतो."

मग मात्र मला घरी बसवेना. दुपारी मी ताब्साबेईकडे गेलो. ती चुलीपाशी होती. कानात टाकायच्या औषधाची बाटली तिनं राखेत पुरली होती, झाकण वर दिसत होतं.

"या गुरुजी. तुम्ही पुस्तकातलं सांगायला आला असाल तर चहा प्या आणि जा."

"चहा घेतो," मी म्हणालो.

चेलागत दाराशी मुर्सिकचा, म्हणजे आंबवलेल्या दुधाचा, वाळका भोपळा साफ करत होती. दूध आंबवायच्या आधी भोपळ्यात जळक्या लाकडाचे निखारे टाकून आतून घासतात, तशी ती लांब काडीनं घासत होती. पण तिनं भोपळा जबड्याला घट्ट टेकवला होता.

"असा का धरतेस?" मी हातवारे करत विचारलं.

"आवाज येतो. खर्र-खर्र. लहानपणापासून येतो. म्हणून तर हे काम मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही."

मी कप खाली ठेवला. "प्रेषित गावात यायच्या आधीपासून?"

"हो. का?"

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सावकाश बोललो. घराचा पुढचा दरवाजा बंद असला तरी भिंतीवर थाप मारली की आतल्या माणसाला कळतं. तिच्या कानाचा पडदा फाटलाय, आतली नाजूक हाडं सडलीत, म्हणजे दरवाजा बंद. पण कवटीच्या भिंतीवर कंपन आलं की ते थेट आतल्या कानाला पोचतं. भोपळा तेच करतो. मुकुटही तेच करतो. तो धावपटूंसाठी बनवलेला साधा यंत्राचा पट्टा आहे. काहींच्या पोटातच गाणी साठवलेली असतात, बरोबर फोनही लागत नाही. आणि दर शनिवारची शुद्धी म्हणजे विजेवर चार्ज करणं.

ती माझ्या ओठांकडे टक लावून बघत होती. "म्हणजे माझा आतला कान जिवंत आहे?"

"बहुधा."

"मग दरवाजा दुरुस्त झाला तर…"

"बहुधा ऐकू येईल. मी डॉक्टर नाही, पोरी. माझी चूकही होत असेल."

"गुरुजी, तो माणूस 'बहुधा' म्हणत नाही म्हणून लोक त्याचं ऐकतात," ती चिडून म्हणाली. "आणि तुम्हाला खरं माहीत असून तुम्ही 'बहुधा' म्हणता!"

ताब्साबेईनं उलथनं आपटलं. "पुरे! तिला गाणं ऐकू आलं, मी पाहिलंय. गेलीस इस्पितळात, तर परत या घरात पाऊल टाकू नकोस, चेलागत."

हे तिनं मुलीकडे तोंड करून म्हटलं, नीट ओठ हलवून. ते समजायला कान लागत नव्हते.

बुधवारी दुपारी पुन्हा मैदान भरलं. चेलागत इस्पितळाला नकार देणार, असं प्रेषितानं गावभर सांगितलं होतं. आता मुकुट बऱ्याच जणांच्या डोक्यावर दिसत होते. ताब्साबेईनं दिलेला मुर्सिकचा भोपळा प्रेषितानं एका दमात रिकामा केला, मिशा पुसल्या आणि हात वर केले.

मी उठलो. "मला… म्हणजे, एक शंका आहे," मी म्हणालो.

"मोठ्यानं बोला, गुरुजी!" मागून कुणी ओरडलं. "मुकुट आणून देऊ का?"

हशा पिकला. प्रेषित मायेनं हसला. "आजोबांची हाडं जुनी झाली. वाणी शिरत नाही. बसा, बाबा, बसा."

मी बसलो नाही. तेवढ्यात चेलागत पुढे झाली. तिनं टोपी काढली. मुकुट काढला. प्रेषिताच्या पायाशी पडलेला रिकामा भोपळा उचलला. मुकुटाच्या कडेची आवाज वाढवायची गुंडी तिनं अंगठ्यानं दाबून धरली आणि त्याचं टोक भोपळ्याच्या पोटावर दाबलं.

भोपळा बोलला.

"लेकी, मी तुझा देव बोलतोय. घाबरू नकोस…" आवाज घोगरा, डब्यातून आल्यासारखा, पण झाकायोचाच. मध्ये तो खोकला. मागे कुठेतरी कोंबडा आरवला. "डॉक्टरकडे जाऊ नकोस…"

मागचे विचारत होते, काय झालं, काय झालं. पुढचे त्यांना सांगत होते, भोपळा बोलतोय, भोपळा!

झाकायो लगेच सावरला. गडी तयारीचा होता. "पाहिलंत?" तो ओरडला. "देव भोपळ्यातूनही बोलतो!"

चेलागतनं त्याचे ओठ वाचले. "मग भोपळ्याचेही कान बरे केलेत का?" तिनं विचारलं.

आधी मोटारसायकलवाले हसले, मग बायका. टोरोइटिचनं शेजारच्या पोराच्या डोक्यावरचा मुकुट काढून स्वतःच्या कपाळावर दाबला. "माझ्याही डोक्यात तोच खोकला," तो म्हणाला. "कोंबडासुद्धा तोच. देवानं कोंबडी पाळलीत काय हो, प्रेषित?"

माझी जीभ तेव्हा सुटली. का ते मला ठाऊक नाही. मी म्हणालो, "ह्याला चार्जिंग लागतं. म्हणून शनिवारी परत मागतो. ही पोर ऐकते ते खरं आहे. ते चमत्कारानं नाही, तिचा आतला कान शाबूत आहे म्हणून. म्हणजे ऑपरेशन करायला हवं, याचाच हा पुरावा आहे. हा माणूस तोच पुरावा दाखवून तिला ऑपरेशनपासून अडवतोय!" यात मी एकदाही 'बहुधा' म्हणालो नाही.

"शाप लागेल!" झाकायो किंचाळला. "टेबलावर मरेल ती!"

ताब्साबेई उठली. सगळ्यांना वाटलं, आता ती मुलीला मारणार. ती प्रेषितासमोर जाऊन उभी राहिली. "कालपर्यंत ती तुझी लेक होती," ती म्हणाली. "आज खोटं उघडं पडलं तशी मरायला निघाली? माझ्या पोरीला मरण मागणारा देव मला नको." मग तिनं चेलागतचा हात धरला आणि गर्दीतून वाट काढत तिला घरी नेलं. राखेतली बाटली तिनंच उकरून पुसली.

गुरुवारी मायलेकी एल्डोरेटला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि त्या हसल्या. म्हणाल्या, हाडातून ऐकू येतं की नाही हे आम्हीही कंप पावणारा धातूचा दुहेरी काटा कवटीला लावून तपासतो. तुमच्या प्रेषितानं आमची परीक्षा चोरली आणि निकाल उलटा वाचला. एका कानातला रोग त्यांनी साफ केला, पडदा बसवला. दुसऱ्याची पाळी नंतर येईल.

गावात अजून दोन तट आहेत. काही जण मला पाहून वाट बदलतात. देवाचा अपमान केला म्हणतात. म्हणू देत. मी देवाबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. मी बोललो तो खोकल्याबद्दल आणि कोंबड्याबद्दल.

यंत्राशी माझं भांडण नाही. ते चांगलंच आहे. कान मोकळे राहतात, मागची मोटारसायकल ऐकू येते, म्हणून उघड्या रस्त्यावर धावणाऱ्याला ते सोयीचं. घ्यायचंच तर मण्यांखाली लपवलेलं घेऊ नका. धावताना हलत नाही ना, घामानं बिघडत नाही ना, हे बघून घ्या. कानाच्या पुढच्या हाडावर नीट बसवा, टोपीनं करकचून आवळू नका आणि आवाज इतकाच ठेवा की रस्ता ऐकू येत राहील. ज्याचा कानच बंद आहे त्याला मोकळ्या कानाचा उपयोग नाही. त्यानं ते रस्त्यावर लावू नये, गवताच्या बाजूनं धावावं आणि डॉक्टर गाठावा. एखादी गोष्ट समजली नाही तर 'समजली नाही' म्हणावं, त्यात लाज कसली? पण न समजलेल्या गोष्टीला लगेच नमस्कार करू नका. तुमच्या डोक्यात कुणी बोलू लागलं तर आधी डोक्यावर काय बांधलंय ते काढून बघा. आणि जो औषध थांबवायला सांगतो त्याला, झगा कितीही पांढरा असो, हाकलून द्या.

झाकायो आता दरीपलीकडच्या गावांत फिरतो, असं कानावर येतं. परवा तिकडून काही लोक खास चेलागतला बघायला आले होते. मैदानावर ती पाठमोरी उभी होती, बुटांच्या नाड्या बांधत. त्यांच्यातल्या एकानं तिच्यासमोर जाऊन तिला विचारलं, "काय गं, प्रेषितानंच तुझा कान बरा केला ना?"

"डॉक्टरीणबाईंनी केला," ती म्हणाली. "विश्वास नसेल तर माझ्या मागे जा आणि हाक मारून बघा."