नॅनची शेवटची ओळ

आयर्लंडच्या पश्चिमेला, आमच्या कोनेमाराच्या किनाऱ्यावर गाणं माणसाचं असतं. 'ते नॅनचं गाणं' असं एकदा ठरलं की दुसऱ्या कोणी ते तोंडात धरायचं नाही. हवंच असेल तर घरी जाऊन मागायचं. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी मी चोरी केली.

नॅन माझी थोरली बहीण. बावीस वर्षं आमच्या बँडची गायिका. घशातली गाठ काढली तेव्हा गळ्यात फक्त घोगरी कुजबुज उरली. मग तिच्या जागी गॉलवे शहरातून क्लीओना आली, पंचविशीची, खणखणीत आवाजाची. नव्या अल्बमची नऊ गाणी झाली. दहावं मी नॅनचं घेतलं, बुडालेल्या नावाड्याच्या आईचं. ती आता कुठे गाणार आहे, विचारायचं काय, असं मनाशी म्हणून मी माझं फिडल, आमच्याकडचं व्हायोलिन, उचललं. शेवटी दणकून ड्रमही लावले.

ध्वनिमुद्रण संपल्यावर क्लीओनाने विचारलं, "नॅनताईंना मागितलंत ना?"

मी फिडल पुसत बसलो.

"मॅर्टिन, मग हे अल्बमवर जाणार नाही. उठा, गाडी काढा."

नॅनने आम्हाला चहा दिला. मी मान खाली घालून सगळं सांगितलं.

"माझा गळा गेलाय," नॅन कुजबुजली, "मी नाही गेलेले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग ती क्लीओनाकडे वळली. "म्हण बघू."

क्लीओनाने डोळे मिटले आणि सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला नॅनने खुर्ची जवळ ओढली, तिचा हात हातात घेतला आणि आमच्याकडे गाणाऱ्याचा हात धरून फिरवतात तसा हळूहळू फिरवू लागली. शेवटची ओळ आली आणि क्लीओना थांबली. ती ओळ आमच्यात गात नाहीत, साध्या बोलण्यात म्हणतात. ध्वनिमुद्रणात मात्र मीच तिच्याकडून ती गाऊन घेतली होती. नॅनने ती ओळ म्हटली, "दार लोटू नका, तो यायचाय."

कोणी चहाला हात लावला नाही.

"गाणं घे, पोरी," नॅन म्हणाली. "ही ओळ मात्र माझ्याकडे राहू दे. मी गेले की तीही तुझी." आणि मला म्हणाली, "तुझे ते ड्रम समुद्रात टाक."

अल्बमवर ड्रम नाहीत. शेवटी नॅनची कुजबुज आहे.

गेल्या फेब्रुवारीत नॅन गेली. तिला पुरून आल्यावर आठवड्याने मी क्लीओनाच्या दारात जाऊन उभा राहिलो. माझ्या गळ्याला जन्मात कधी सूर लागलेला नाही, पण त्या ओळीला सूर लागत नाही.

"ती ओळ मला देशील?" मी विचारलं.

ती खूप वेळ रडली. मग तिने माझा हात धरला.




"घ्या," ती म्हणाली.